स्टिक माझीच आहे, लेकाची नाही



गेल्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना, चप्पल पायात सरकवता सरकवता, एका काकूंनी मला थांबवलं. "अगं, तुझ्या घरी जालंधरहून लांबलचक पार्सल आलं म्हणे. लेकासाठी का?" मी म्हटलं, "नाही काकू, माझ्यासाठी. हॉकीची स्टिक आहे." काकू आधी हसल्या. मी गंमत करत नाहीये हे कळल्यावर हसू थांबलं. "या वयात? बाईमाणसाने काठी घेऊन पळायचं? आणि किती पैसे घातलेस?"

तीन प्रश्न एका दमात आले. तिथे पायरीवर उभं राहून मला उत्तर देता आलं नाही. मी "येते हं काकू" म्हणून निघाले, आणि घरी येऊन कणीक मळताना सगळी उत्तरं सुचली. आपलं नेहमी असंच होतं. म्हणून आज ती इथे लिहिते आहे. काकूंना उद्देशून नाही. काकू प्रेमाने बोलल्या. मला भांडायचंय ते त्या प्रश्नांशी, कारण ते आपल्या प्रत्येकीच्या डोक्यात बसलेले आहेत. माझ्याही बसलेले होते.

आधी माझं थोडं सांगते. माझं माहेर पुण्याचं, खडकीच्या बाजूचं. खडकी म्हणजे हॉकीचं गाव. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत संध्याकाळी जिकडेतिकडे पोरं स्टिक घेऊन दिसायची. शाळेत मीही खेळायला लागले. बारावीपर्यंत खेळले, डाव्या बाजूची फॉरवर्ड म्हणून. मग एकविसाव्या वर्षी लग्न होऊन हिंगोलीला आले. घरात हळदीची आडत, मोठं कुटुंब, पाठोपाठ दोन मुलं. स्टिक माहेरीच राहिली, माळ्यावर. मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, तिने आम्ही किती वर्षं पडदे काढले, जांभळं पाडली." खाली काढून पाहिली तर वाळवीने अर्धी खाल्लेली. हातात घेतली आणि मुठीजवळ मोडली. मी बावीस वर्षांनी रडले ती त्या काठीसाठी.

परत आल्यावर आम्ही नऊ जणी जमलो. काही आपल्यातल्या, काही शेजारपाजारच्या. एका शाळेच्या मुरमाच्या मैदानावर सकाळी देवदर्शन झाल्यावर पाऊण तास. सूर्यास्ताच्या जेवणाची गडबड नको म्हणून संध्याकाळी नाही. नऊपैकी शाळेत कधीकाळी खेळलेल्या आम्ही तिघी, बाकीच्या नव्या. आणि सामान काय, तर एकीने मुलाची प्लास्टिकची स्टिक आणली, एकीने क्रिकेटची बॅट, एकीने चक्क कपडे वाळत घालायची काठी. पायात कुणाच्या मुलीचे जुने बूट, कुणाच्या सपाता. हसत हसत सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात एकीच्या नडगीवर चेंडू बसला आणि तिथे लिंबाएवढी गाठ आली. तिसऱ्या आठवड्यात एकीचा घोटा मुरगळला. चौथ्या आठवड्यात आम्ही पाच उरलो.

ज्या चौघी गेल्या त्यांना खेळ नको होता असं नाही. त्यांना योग्य वस्तू नव्हत्या, आणि त्या स्वतःसाठी विकत घ्यायची त्यांची हिंमत होत नव्हती. घरात पैसे नव्हते म्हणून नाही. त्यातल्या एकीने त्याच महिन्यात भाचीच्या लग्नात सोन्याचा आहेर केला.

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं सरळ आहे. चाळिशीनंतर बाई पुन्हा खेळायला लागते तेव्हा तिने स्वतःच्या मापाचं, स्वतःच्या नावाचं सामान विकत घ्यावं. उधार नको, लेकाचं उतरलेलं नको, "बघू आधी टिकतेस का" असं म्हणत सहा महिने थांबणं नको. ही चैन नाही, आणि याला परिग्रह म्हणणं म्हणजे धर्माचं नाव घेऊन स्वतःला फसवणं आहे.

आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला, "आहे त्यात भागव." हे वाक्य सांगताना लोक फार मोठी उदाहरणं देतात. धनराज पिल्लै खडकीच्या त्याच वसाहतीत तुटक्या स्टिकने, टाकून दिलेल्या चेंडूंनी शिकले. हरियाणातल्या शहाबादची राणी रामपाल, जिचे वडील गाडा चालवायचे, तिनेही तुटक्या स्टिकने सुरुवात केली आणि पुढे भारताची कर्णधार झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही ऐकून माझाही ऊर भरून येतो. पण त्या गोष्टींचा अर्थ काय? त्या मुलांकडे दुसरा पर्याय नव्हता. चांगली स्टिक मिळाल्यावर दोघांपैकी कुणीही तुटकीने खेळत बसलं नाही. गरिबीने लादलेली अडचण हा काही उपदेश नाही, आणि तो उपदेश घरात चार तोळे असलेल्या बाईला करणं तर मुळीच शोभत नाही. शिवाय ती मुलं लहान होती. त्या वयात पडलं तरी हाड लवकर जुळतं. आपण दोन बाळंतपणं झालेल्या, कंबर धरलेल्या, गुडघ्यातून कुरकुर येणाऱ्या बायका आहोत. लहान मूल वाईट सामानावर तरून जाईल. आपण नाही.

दुसरा आक्षेप माझ्या सासूबाईंचा, आणि सगळ्यात वजनदार तोच आहे. त्या म्हणाल्या, "पडलीस, हात मोडला, तर घरात कोण करणार?" यात टोमणा नव्हता. पंचवीस माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाईचा तो हिशेब होता. बाई अंथरुणाला खिळली की घर थांबतं हे त्यांनी भोगलेलं आहे. मी त्यांना म्हटलं, "आई, म्हणूनच तर शिनगार्ड घेतेय." त्या गप्प झाल्या, पण पटलं असं नाही. मला मात्र त्या प्रश्नातच उत्तर दिसलं. ज्या एका शरीरावर सगळं घर उभं आहे, त्या शरीरासाठी घरात सगळ्यात कमी खर्च होतो. ट्रॅक्टरचं ऑइल वेळेवर बदलतं, दुकानाच्या काट्याची तपासणी वेळेवर होते. बाईच्या पायातली चप्पल मात्र अंगठा तुटल्यावरच बदलते.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच, "हा परिग्रह नाही का?" हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही, कारण तो मी स्वतःला विचारला. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी माझं कपाट उघडून बसले आणि माझ्या वस्तू मोजल्या. साड्या बासष्ट. त्यातल्या बहुतेक आहेराच्या, कितीतरींची घडीही मोडलेली नाही. ल्हाणीत आलेले स्टीलचे डबे, वाट्या, ताटं यांनी एक अख्खी फळी भरलेली, आणि प्रत्येकावर कुणाच्या तरी लग्नाचं किंवा उद्यापनाचं नाव कोरलेलं. मग मी शोधलं की या शरीराने धावावं, वाकावं, घाम गाळावा म्हणून घेतलेली यात एक तरी वस्तू आहे का? एकही नव्हती.

आचार्य उमास्वामींनी परिग्रह सांगताना वस्तूंची संख्या मोजायला नाही सांगितली. वस्तूत मन गुंतणं, मूर्च्छा, हा परिग्रह असं सांगितलं. मग बासष्ट साड्यांच्या घड्यांत गुंतलेलं मन, आणि रोज सकाळी मुरमात घासून झिजणारी एक लाकडी स्टिक, यात जास्त परिग्रह कुठे आहे ते तुम्हीच सांगा. परिमाण घालून घ्यायचं तर जरूर घाला. मी घातलंय. एक स्टिक, एक जोडी बूट, एक जोडी शिनगार्ड, एक माउथगार्ड. मोडेल तेव्हाच दुसरं. आणि त्या बदल्यात दोन वर्षं नवी साडी नाही. ज्यांना माझी स्टिक खुपते त्यांनी आपलं कपाट एकदा असंच मोजून बघावं.

चौथा आक्षेप चामड्याचा. हा रास्त आहे, आणि याचं उत्तर नीट दिलं पाहिजे, कारण या बाबतीत आपण ढिलाई करू शकत नाही. पूर्वी हॉकीचा चेंडू पांढऱ्या चामड्यात शिवलेला असायचा. गोलकीपरचे पॅडही कॅनव्हास आणि चामड्याचे. आज तसं राहिलेलं नाही. आताचा चेंडू प्लास्टिकचा असतो, पॅड फोमचे, स्टिकची ग्रिप कृत्रिम. म्हणजे आज सगळं सामान चामड्याशिवाय घेता येतं. फक्त दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे. एक, ग्रिपवर शॅमी असं लिहिलेलं असेल तर ती कातड्याची आहे की कृत्रिम ते विचारायचं, आणि खात्री नसेल तर टॉवेलची किंवा पीयूची घ्यायची. दुसरं म्हणजे बूट. दुकानदार "लेदर नाही ताई, स्युएड आहे" असं म्हणेल. मैत्रिणींनो, स्युएड आणि नुबक हेही चामडंच. बुटाच्या जिभेखाली चिन्हं असतील तर ती बघा. ताणलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे चामडं, जाळीचं चिन्ह म्हणजे कापड, चौकट टोकावर उभी केल्यासारखं चिन्ह म्हणजे इतर कृत्रिम वस्तू. हे वाचायला शिकलं की दुकानदारावर विसंबायला नको.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना माझाही एक प्रश्न आहे. आपली मुलं क्रिकेट खेळतात तो लाल चेंडू चामड्याचा असतो. त्याबद्दल मंदिराच्या पायरीवर कधी कुणी अडवलं? सुट्टीत आपण बॅडमिंटन खेळतो, त्यातल्या पिसाच्या एका फुलाला बदकाची किंवा हंसाची सोळा पिसं लागतात. नायलॉनचं फूल मिळतं, पण किती जणी मुद्दाम ते मागतात? आपल्याच भजनाच्या ढोलकीवर काय ताणलेलं असतं? आणि पैठणी? रेशीम काढायला कोष उकळत्या पाण्यात टाकतात, आतल्या जिवासकट, एका साडीपायी हजारो. आपल्या जिल्ह्यातही तुतीचे मळे वाढताहेत, ते त्या अळ्यांच्या चाऱ्यासाठी. गंमत बघा, हॉकीची लाकडी स्टिक परंपरेने तुतीच्याच लाकडाची बनते, कारण ते लाकूड चिवट असतं आणि वाफेवर न तडकता वाकतं. तेच झाड. एकीकडे त्याच्यापासून खेळ, दुसरीकडे उकळलेले जीव. आणि धर्माच्या नावाने अडवायचं कुणाला, तर स्टिक घेणारीला! माझ्याकडेही सात रेशमी साड्या आहेत. मी शुद्ध नाही. नव्या घेणं थांबवलंय, एवढंच. पण अहिंसेची फूटपट्टी फक्त बाईच्या खेळालाच लावायची असेल, तर ती अहिंसेची फूटपट्टी नव्हे.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. चातुर्मासात हिरवळीवर धावणं मला स्वतःला पटत नाही. पायाखाली काय काय चिरडतं ते दिसतं. म्हणून त्या चार महिन्यांत आम्ही मैदानावर जात नाही. दुकानामागच्या शेडमध्ये, फरशीवर, झाडून घेऊन, चेंडू डावीकडे-उजवीकडे हलवायचा सराव करतो. धर्म पाळून खेळता येतं. त्यासाठी थोडं डोकं लावावं लागतं आणि घरच्यांनी शेडची किल्ली द्यावी लागते.

पाचवा आक्षेप, "हे बायकांचं काम नाही." यावर फार लिहिणार नाही, थोडा इतिहास सांगते. पुरुषांचं हॉकी ऑलिम्पिकमध्ये 1908 साली लंडनला आलं. बायकांचं यायला 1980 चं मॉस्को उजाडलं. म्हणजे बहात्तर वर्षं आपल्याला दाराबाहेर ठेवलं. दार उघडलं त्याच वर्षी भारताच्या मुली चौथ्या आल्या, आणि त्या संघात आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन होत्या. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक आलं. पुढे टोकियोत, 2021 च्या ऑगस्टमध्ये, ब्राँझसाठीच्या सामन्यात आपल्या मुली 4-3 अशा हरल्या तेव्हा हिंगोलीतल्या कितीतरी घरांत बायका टीव्हीसमोर डोळे पुसत होत्या. मीही त्यात होते. आज फलटणकडच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे या शेतकरी भागातल्या मुली भारताच्या संघातून खेळल्या. आणि वयाचं म्हणाल तर 2025 साली हॉकी इंडियाने चेन्नईला मास्टर्स कप भरवला, त्यात बायकांसाठी अट होती पस्तिशीच्या पुढची. पस्तिशीच्या आतलीला प्रवेश नाही! आम्हाला तिथे जायचं नाही. आम्हाला पाऊण तास घाम गाळायचाय. पण "या वयात" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

इथवर मी घ्या घ्या म्हणत आले. आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण माझं भांडण दुकानदारांशीही आहे.

इथल्या दुकानात गेलात तर भिंतभर क्रिकेट. हॉकीची स्टिक मागितली की आतून धूळ झटकत एक काढून देतात आणि म्हणतात, "ताई, पोराची उंची किती?" नांदेडच्या एका दुकानात मला गुलाबी रंगाची स्टिक दाखवली. "ही लेडीज आहे." मैत्रिणींनो, लेडीज स्टिक असं काही नसतं. नियम सगळ्यांना एकच. वजन 737 ग्रॅमच्या वर नको, लांबी 105 सेंटिमीटरच्या वर नको, बाक 25 मिलिमीटरच्या वर नको, आणि सपाट बाजू फक्त डावीकडे. आमच्यातली एक डावखुरी आहे, ती डावखुरी स्टिक शोधत होती. तशी मिळणार नाही, सगळ्यांनी एकाच हाताने शिकायचं. रंग गुलाबी केल्याने स्टिक हलकी होत नाही, फक्त महाग होते.

फोनवर तर त्याहून वाईट. एकदा शोधलं की महिनाभर जाहिराती मागे लागतात. मी फसले, हे कबूल करते. "प्रोफेशनल, नव्वद टक्के कार्बन" असं वाचून मी साडेसात हजारांची स्टिक मागवली. वाटलं, बावीस वर्षं स्वतःला काही घेतलं नाही, एकदाच भारीतलं घेऊ. पहिल्या दिवशी चेंडू अडवायला गेले तर तो दगडावर आपटल्यासारखा उडून दोन हात लांब गेला, आणि माझी बोटं झिणझिणली. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ. ताठ स्टिकने फटका लांब जातो, पण चेंडू अडवताना ती धक्का शोषत नाही. ज्यांचा हात तयार आहे त्यांच्यासाठी ती असते. त्यातून आमचं मैदान मुरमाचं. महागडी स्टिक टर्फसाठी बनते, मुरमात तिचं तोंड महिन्याभरात खरवडून निघतं. शेवटी ती एका कॉलेजच्या मुलीला निम्म्या किमतीत दिली आणि जालंधरहून साधी तुतीच्या लाकडाची मागवली. काकूंना दिसलं ते पार्सल हेच.

जालंधरच का? फाळणीच्या वेळी सियालकोटचे खेळाच्या सामानाचे कारागीर इकडे आले आणि जालंधर, मेरठ इथे बसले. आजही देशातलं बरंचसं हॉकीचं सामान तिथून येतं. साधी लाकडी स्टिक मला सहाशे रुपयांना पडली. एका आहेराच्या साडीपेक्षा स्वस्त.

ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांच्यासाठी, पैसे कुठल्या क्रमाने घालायचे ते सांगते. हा क्रम मी चुका करून शिकले.

सगळ्यात आधी बूट. स्टिक नाही, बूट. चालायचे मऊ, उंच तळव्याचे बूट घालून एकदम वळलात की घोटा गेलाच. आमच्या मैत्रिणीचा तसाच गेला. तळवा बुटका हवा, बाजूने पकड हवी, खाली रबराचे पुष्कळ बारीक बारीक दाणे हवेत. बूट दुपारनंतर घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि खेळताना घालणार तेच जाड मोजे घालून बघा.

मग शिनगार्ड. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो, लहान सफरचंदाएवढा, पण दगडासारखा टणक. नडगीवर कातडीच्या खाली थेट हाड आहे. तिथे काटकसर करू नका. घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत झाकलं गेलं पाहिजे.

मग माउथगार्ड. यावर सगळ्या हसतात. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा मिळतो, दोन-तीनशे रुपयांत. पुढच्या दोन दातांच्या कॅपला किती पडतात ते एकदा दाताच्या डॉक्टरांना विचारा, मग हसा.

आणि सगळ्यात शेवटी स्टिक. सरळ उभ्या राहा, स्टिकचं तोंड जमिनीवर टेकवून अंगाजवळ धरा. वरचं टोक कमरेच्या हाडाच्या आसपास आलं पाहिजे. बहुतेक मोठ्या माणसांना साडेछत्तीस इंची चालते, पाच फुटांच्या आसपास असाल तर पस्तीस किंवा छत्तीसची बघा. हलकी घ्या, साडेपाचशे ग्रॅमच्या आतली. खूप खाली बाक असलेली घेऊ नका, ती पेनल्टी कॉर्नरला चेंडू ओढून फेकणाऱ्यांसाठी असते. लाकडी घेत असाल तर लाकडाच्या रेषा दांड्यातून तोंडाच्या वळणापर्यंत सलग गेलेल्या हव्यात, मध्ये गाठ नको, चीर नको. फायबरची घ्यायची तर कमी कार्बनची. खेळून आल्यावर ओली ठेवू नका, पुसून आडवी ठेवा. माळ्यावर तर कधीच नको. माळ्यावर काय होतं ते मी पाहिलंय.

या चार वस्तूंना मिळून मला साधारण अठ्ठावीसशे रुपये लागले, त्यातले निम्म्याहून जास्त बुटांचे. कार्बनच्या चुकीचे पैसे यात धरलेले नाहीत. ती शिकवणीची फी समजते.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ज्या चौघी गेल्या त्यांना परत कसं आणायचं? "स्वतःसाठी घे" असं मी कितीही लिहिलं तरी काही जणींचा हात खिशात जाणार नाही. काहींना तर खिसाच नाही, घरात मागावं लागतं. म्हणून मी आपल्या महिला मंडळापुढे एक विचार मांडते आहे. पुढचं उद्यापन, पुढचं लग्न, पुढचं बारसं असेल तेव्हा ल्हाणीला स्टीलचा डबा नको. मी हिशेब केलाय. दहा लाकडी स्टिक सहा हजार, दहा जोड्या शिनगार्ड साडेतीन हजार, डझनभर चेंडू अठराशे. एकूण अकरा हजार तीनशे. बूट आणि माउथगार्ड ज्याचे त्याने. एवढ्यात आपल्या गल्लीतल्या बायकांचं आणि मुलींचं सामान उभं राहतं, आणि डब्यासारखं फळीवर नाव घेऊन बसून न राहता रोज झिजतं. दान म्हणून याहून चांगलं काय?

मुलींचं मुद्दाम म्हणते आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मुली सातवीपर्यंत खेळायच्या, आठवीत एकेक करून थांबल्या. कुणी त्यांना रागावलं नाही, कुणी बंदी केली नाही. त्यांनी घरात बघितलं. आई खेळत नाही, काकू खेळत नाही, आजीचे गुडघे गेलेत. मोठं होणं म्हणजे थांबणं, हे त्या आपल्याकडूनच शिकल्या. आपण भाषण देऊन हे बदलणार नाही. सकाळी सातला आईचे मुरमाने लाल झालेले बूट दारात दिसले, तर कदाचित बदलेल.

परवा सासूबाई माझी स्टिक उचलून बघत होत्या. उलटी धरली होती. म्हणाल्या, "हलकी आहे गं. मला वाटलं मुसळासारखी असेल." एवढंच बोलल्या आणि ठेवून दिली. पण दाराआड उभी ठेवली, माळ्यावर नाही.

तर मैत्रिणींनो, आज दुपारी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा आणि जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावा. तो आकडा लिहून ठेवा. आयुष्यात ब्लाउजशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी तुमचं माप घेतलं गेलं, असं होईल.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. काकू, तुम्हालाही. पण शनिवारी सकाळी या. एक स्टिक जास्तीची आहे.

जय जिनेंद्र.